आजोबांची ओळख परेड

प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यांच्या दोन रांगा होत्या. डावीकडचे अर्धपोटी, सकाळी एकदाच खाणं, तेही बेताचं. उजवीकडचे पोटभर खाणारे, फक्त त्यांच्या खाण्यात प्रथिनं कमी आणि पिष्टमय पदार्थ जास्त. आयुष्य कमी खाल्ल्यानं वाढतं, की काय खातो त्यानं, एवढंच बघायचं होतं. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांचं उत्तर आधीच ठरलेलं: कमी खा. ते स्वतः दुपारी एक सफरचंद खायचे आणि दुसऱ्यांच्या डब्यांत डोकावून उसासे टाकायचे.

डाव्या रांगेतला सगळ्यात म्हातारा उंदीर म्हणजे आजोबा. बरोबरीचे कधीच गेले, हे ठणठणीत. सरांच्या प्रत्येक भाषणात त्यांचा फोटो असायचा. उंदरांचं सगळं बघणाऱ्या ताईचा प्रबंधही त्यांच्याच शेपटीला लटकलेला.

एके दिवशी प्रयोग बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर आजोबांना काट्यावर ठेवलं, तर ते पोटभरवाल्यांपेक्षा जड. उपाशी राहून वजन वाढत असेल तर आपण जेवतो कशाला, असं एका पाहुण्यानं विचारलं. बाकीचे खोकल्यासारखे हसले.

पाहुणे जाताच सरांनी दार लावलं. कुणीतरी चोरून खायला घालतंय, म्हणाले, आणि देणाऱ्याला उंदीर विसरत नाही. एकेकानं पिंजऱ्यासमोरून जायचं.

ताई सगळ्यांच्या मागे सरकली. आजोबा पुढचे पाय जोडून उभे राहिले की तिला बघवायचं नाही. मग ती चीजचा तुकडा द्यायची, तोही नखाएवढा. रोज.

पहिले रखवालदार काका गेले. आजोबा उभे. काकांनी टोपी काढली. "बिस्किट द्यायचो, पण फुटकंच."

मग सफाईवाल्या मावशी. आजोबा पुन्हा उभे. मावशींनी मुकाट्यानं खिशातला पावाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

ताई पुढे झाली तर आजोबांनी गजांतून दोन्ही हात बाहेर काढले. सर तिच्याकडे नुसतं बघत राहिले. तिचे कान तापले. त्यापेक्षा चार शिव्या बऱ्या.

"लाज वाटायला हवी," सर शेवटी म्हणाले आणि पिंजऱ्यावर कापड टाकायला गेले.

आजोबा सरांकडे वळले. गज धरून सरसर वर चढले आणि सरांच्या कोटाच्या खिशाकडे नाक करून थांबले. त्यांचं बघून डावी रांग अख्खी उभी राहिली.

सगळ्यांनी खिशाकडे बघितलं, मग जमिनीकडे. सरांनी खिशावर हात दाबला. आत कागद चुरचुरला.

"केक आहे," सर म्हणाले. "तुम्ही गेल्यावर खातो. पण पिंजऱ्यांतून एवढे जण बघत असताना एकट्याला घास उतरत नाही."

ताईनं नोंदवही उघडली.

"मग डाव्या रांगेनं काय खाल्लं म्हणून लिहू, सर?"

"माहीत नाही, असं लिही." त्यांनी खिशावरचा हात काढला. "तुझी तीन वर्षं गेली, बाई. माझ्यामुळेसुद्धा."

ताईनं टेबलावरचा पाव उचलला, आजोबांपर्यंत नेला आणि सगळ्यांदेखत पुन्हा टेबलावर ठेवून दिला. आजोबा एक हात पुढे करून अजून गजांना लटकलेले होते.