शेवटची फणी

मित्रांनो, मी असोद्याजवळच्या एका छोट्या शाळेतला जुना संगणक आहे. जळगावच्या एका ऑफिसात मी सहा वर्षं राबलो. तिथे नवे आले, तेव्हा मला चौथीला गणित शिकवायला इकडे पाठवलं. पहिल्या दिवशी मला कुंकू लावून नारळ फोडला. मी फार फुशारलो, खोटं कशाला बोलू!

पण माझा स्वभाव पहिल्यापासून शंकेखोर. उत्तर बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल फुली. आणि दोघांचं चुकीचं उत्तर सारखंच आलं, की मी खाली लिहायचो, 'नक्कल?'

एकदा मी विचारलं, 'केळीच्या एका घडाला आठ फण्या. प्रत्येक फणीत चौदा केळी. एकूण केळी किती?' पुनमने लिहिलं, अठ्ठ्याण्णव. मी फुली मारली. पाठोपाठ भूषणचंही अठ्ठ्याण्णव, हितेंद्रचंही. म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय.

वर्गाच्या ज्योत्स्ना मॅडमनी तिघांना तीन कोपऱ्यांत बसवलं. तरी अठ्ठ्याण्णवच. आधीच ठरवून आलेत, असंच आम्हाला वाटलं. तालुक्याच्या गणित स्पर्धेला वर्गातून एकच नाव जाणार होतं, आणि ते पुनमचं ठरलेलं होतं. मॅडमनी ते खोडलं. पुनम रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला मेल्याला तीही लबाडीच वाटली.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, लोटन आबा, वावरातून थेट शाळेत आले. मॅडमनी त्यांना पडद्यावरचं गणित वाचून दाखवलं.

"शेवटची फणी कोन ठेवतं, बाई?" आबा म्हणाले. "ती तं आम्ही घड झाडावर असतानाच काढून टाकतो. मंग वरच्या चांगल्या भरतात."

मॅडमनी पुनमला जवळ घेतलं. "तू किती फण्या धरल्यास गं?"

"सात."

चौदा साते अठ्ठ्याण्णव. तिघंही केळीवाल्यांच्या घरची, गुणाकार कुणाचाच चुकला नव्हता. "मी तुला विचारलंच नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी पुनमचं नाव पुन्हा लिहिलं.

आता मी थकलोय. चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. अठ्ठ्याण्णवला मी आजही फुली मारतो, माझा इलाज नाही. पण मॅडम आता खुर्ची ओढून मुलाला आधी विचारतात, कसं काढलंस?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, वायरी उंदरांपासून जपा. पण माझ्या एका फुलीवरून कुणाला लबाड ठरवू नका. तीन वर्षं मी केळीची गणितं घालतोय, आणि केळीचा घड मी अजून एकदाही पाहिलेला नाही.