बाहेर न पडलेलं सोनं

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात, एका प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं उंदीर सांभाळते. पिंजरे धुणं, वजन करणं, शेपटीच्या शिरेत सुई टोचणं आणि शेवटी त्यांना झोपवून टेबलावर मांडणं, सगळं माझ्याकडे.

सांधेदुखीवरचं ते इंजेक्शन आमच्याकडेच तपासायला आलं होतं. त्यात सोन्याचे कण असतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्यांच्या अंगाला औषध चिकटवलेलं असतं. नव्वद दिवस आम्ही सुया दिल्या. रक्त चांगलं, वजन चांगलं. पुढे माणसांवर सहा महिने तपासणी झाली, परवानगी मिळाली आणि ते दवाखान्यांत आलं.

माझी थोरली बहीण क्रेउझा पेस्केइरा गावात लेस विणते. पन्नाशीतच तिची बोटं अशी वाकली होती की कपाचा कान धरवेना. मीच तिच्या मागे लागले. "ताई, आमच्या इथे तपासलंय. एकही उंदीर दगावला नाही."

"तुझ्या उंदरांना कुठे लेस विणायचीय?" ती म्हणाली, पण गेली. तिसऱ्या इंजेक्शननंतर तिचा फोन आला. चार वर्षांनी तिनं सुईत दोरा ओवला होता. सांगता सांगता ती रडत होती. मीही रडले.

त्यानंतर दीड वर्ष ती दर महिन्याला इंजेक्शन घेत राहिली.

आमच्या डॉक्टर लिंदाल्वांना मात्र चैन नव्हतं. लोक हे वर्षानुवर्षं घेणार आणि आपण तीनच महिने बघितलं, असं त्या सारख्या म्हणायच्या. त्यांनी नवे चोवीस उंदीर मागवले आणि सुया चालूच ठेवल्या. दहाव्या महिन्यात उंदरांनी अंग चाटणं सोडलं. निरोगी उंदीर स्वतःला लख्ख ठेवतो. हे मळके, केस विस्कटलेले, कोपऱ्यात बसून राहायचे.

डॉक्टरांनी सहा उघडले. यकृत वांग्याच्या सालीसारखं काळं-जांभळं. मी हातातला चिमटा खाली ठेवला.

"हे सोनं आहे?"

"साठलेलं. रक्तात राहतच नाही, म्हणून रक्ताच्या तपासणीत सापडत नाही."

"माणसांतही असंच होतं?"

"माहीत नाही, जांदिरा. कुणी बघितलंच नाही."

रविवारी मी पहिल्या बसनं पेस्केइराला गेले. क्रेउझा अंगणात विणत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती विणतच राहिली.

"मला काही होत नाहीये."

"उंदरांनाही नऊ महिने काही होत नव्हतं, ताई."

"आधी घे म्हणालीस. आता सोड म्हणतेस. मी काय तुझ्या पिंजऱ्यातली आहे?"

मी तिथंच बसून राहिले. दुपारी तिनं माझ्यापुढे उकडलेला कसाव्याचा कंद ठेवला आणि म्हणाली, "बरं. सोडते."

सहा आठवड्यांत तिची बोटं पुन्हा मिटली. घेतलेलं काम शेजारणीला द्यावं लागलं.

इकडे उरलेल्या अठरांपैकी नऊ उंदरांच्या सुया डॉक्टरांनी बंद केल्या होत्या. पाच महिन्यांनी तेही उघडले. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता यकृत लाल दिसू दे. पहिला काळा. दुसरा काळा. नऊच्या नऊ तसेच. सुई थांबली होती, पण आत गेलेलं बाहेर पडलं नव्हतं.

"मग मी ताईला थांबवलं कशाला?" मी विचारलं.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. "निदान आणखी तरी साठणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

मी क्रेउझाला फोनवर सांगितलं. समोर जायची छाती झाली नाही.

"म्हणजे बोटंही गेली आणि ते आतच?"

"हो."

"ठेव फोन, जांदी."

दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. तोवर डॉक्टरांनी अहवाल पाठवला. औषध बनवणाऱ्यांचं उत्तर आलं की वजनाच्या मानानं उंदरांना माणसाच्या कितीतरी पट डोस गेला होता. ते खरंही होतं. दवाखान्यांत इंजेक्शन चालूच राहिलं. मग इंजेक्शन घेतलेल्या लोकांची यादी डॉक्टरांनी स्वतःच करायला घेतली, दर सहा महिन्यांनी तपासायला. क्रेउझा आपणहून आली. यादीत पहिलं नाव तिचं.

पहिल्या दोन तपासण्या सोनोग्राफीच्या होत्या, त्यांत काही वेगळं दिसलं नाही. परवा दवाखान्यात तिसरी झाली, पहिल्यांदाच सीटी स्कॅनची. पडद्यावर तिचं यकृत होतं, उंदरांच्यासारखं काळं नाही, उलट शेजारच्या सगळ्या अवयवांपेक्षा उजळ, जणू आतून कुणी दिवा धरलाय. स्कॅनमध्ये धातू असा दिसतो, हे मला ठाऊक होतं. डॉक्टर बराच वेळ चित्र मागेपुढे करत राहिल्या.

"हे चांगलं की वाईट?" क्रेउझानं विचारलं.

"अजून सांगता येत नाही."

"कधी सांगता येईल?"

डॉक्टरांनी पुढची तारीख लिहून दिली. क्रेउझाच्या बोटांत कागद टिकेना, म्हणून तो मी घेतला. जिना उतरताना तिनं माझा दंड घट्ट धरला होता. खाली औषधाच्या खिडकीपाशी त्याच इंजेक्शनसाठी रांग लागलेली होती. क्रेउझा थांबली, रांगेतल्या पहिल्या बाईजवळ गेली आणि म्हणाली, "बाई, दोन मिनिटं माझं ऐकता का?"