फुनाबोरी स्टेशनवर वाजलेली शिट्टी

मी एक शिट्टी बोलतेय. मैदानावर पंच वाजवतात ती नव्हे. मी हरणाच्या शिंगातून कोरलेली, करंगळीएवढी आहे आणि माझ्या तोंडावर पातळ कातडं ताणलेलं आहे. मला फुंकलं की नर हरणाची हाक निघते. खालून उंच चढत जाणारी आणि शेवटी मोडणारी. ऑक्टोबरात, हरणांच्या माजाच्या दिवसांत, ती ऐकून डोंगरातला खरा नर चवताळून धावत येतो. आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला ते बघायला. समोर मात्र माणूस उभा असतो.

मला होशी-सानांनी घडवलं. जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोत, कुशिरोच्या मागच्या डोंगरांत ते शिकारीचे वाटाडे होते. तोक्यो-ओसाकाहून हौशी शिकारी यायचे आणि होशी-सान त्यांना घेऊन उजाडायच्या आत चढायला लागायचे. मी त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात. पाहुण्याला कितीही घाई असो, ते आधी मूठभर सुकं गवत चुरून हवेत सोडायचे आणि वारा कुठे नेतो ते बघत उभे राहायचे. हरीण पडलं की टोपी काढून हात जोडायचे, आणि मगच सुरीला हात लावायचे.

२०११च्या मार्चमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा त्यांच्या घराचं काही बिघडलं नाही. पण तोक्योत राहणाऱ्या मुलीचा, मिसाकोचा, फोन दीड दिवस लागला नाही. बायको आधीच गेली होती. तो दीड दिवस होशी-सान फोनपाशी बसून होते. चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी बंदूक आणि परवाना पोलिसांकडे जमा केला, हाताखाली तयार झालेल्या कुदोकडे सगळे पाहुणे सोपवले आणि मुलीकडे राहायला तोक्योतल्या फुनाबोरीला आले. डोंगरातलं म्हणून त्यांच्या सामानात मी, एक जुना नकाशा आणि शिकारीचा कोट, एवढंच होतं.

फुनाबोरीत आमच्या इमारतीत भारतातली पाच-सहा कुटुंबं होती. तिसऱ्या मजल्यावरचा सत्यजित पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. तो नवीन होता तेव्हा त्याने प्लास्टिकच्या दिवशी ओला कचरा खाली ठेवला. होशी-सान ती पिशवी उचलून त्याच्या दारात घेऊन गेले. भांडायला नव्हे, कुठला कचरा कुठल्या वारी ते शिकवायला. त्यानंतर सत्यजित रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला येऊ लागला. त्याचं जपानी ऑफिसातलं, होशी-सानांचं डोंगरातलं. दोघं एकमेकांना अर्धं समजायचे आणि उरलेल्या अर्ध्यावर हसायचे. ‘सत्यजित’ काही होशी-सानांच्या जिभेवर बसलं नाही. ते त्याला सात्या-सान म्हणत.

एका रविवारी सत्यजितनेच विचारलं, “होशी-सान, मला न्याल का एकदा तुमच्या डोंगरात?”

“तू तर मांस खात नाहीस.”

“मला मारायचं नाहीये. नुसतं बघायचंय. बंदूक कुदो-सान धरतील.”

होशी-सानांनी त्याच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, “बूट किती नंबरचे घालतोस?”

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरू लागला. होशी-सान पेन्सिल टेकवत सांगायचे, “इथे गाडी सोडायची. या ओढ्यापर्यंत हवं तेवढं बोल. ओढ्यापलीकडे एक शब्द नाही.” लोकरीचे मोजे दोन जोड. तीन दिवस आधीपासून वासाचा साबण बंद. अस्वलासाठी घंटा, पण तीही ओढ्यापर्यंतच. एकदा त्यांनी मला सत्यजितच्या हातात दिलं. त्याने घरी नेऊन जोर लावून फुंकलं, तर आतून त्याच्या बायकोचा, नंदिनीचा, आवाज आला, “कुकर झाला का? गॅस बंद कर रे!” सत्यजितने हे होशी-सानांना सांगितलं, तेव्हा ते डोळे पुसेपर्यंत हसले. फुनाबोरीला आल्यापासून मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

पहिल्या वर्षी सत्यजितचं प्रोजेक्ट लांबलं. दुसऱ्या वर्षी नंदिनीची आई, सुलेखाताई, पुण्याहून आल्या. दोन्ही वेळा होशी-सान म्हणाले, “हरणं कुठे जात नाहीत.”

पण त्यांचंच काहीतरी जायला लागलं होतं. किटली गॅसवर ठेवून विसरायचे. एकदा मिसाकोला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. तिने सत्यजितला जिन्यातच गाठलं. “बाबांना डोंगराचं काही बोलू नका. आता त्यांना पाठवणं शक्य नाही.”

सत्यजितने मान डोलावली. आणि पुढच्याच रविवारी, यंदा जायचं ना, असं होशी-सानांनी विचारलं तेव्हा त्यांच्यापुढेही मान डोलावली. “मिसाको-सानना मी समजावतो,” म्हणाला. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार ठरला. पहाटे सव्वापाचला फुनाबोरी स्टेशनच्या गेटपाशी भेटायचं, तिथून विमानतळ. कुदोला ईमेल गेली. होशी-सानांनी तारीख एका कागदावर लिहिली आणि तो कागद माझ्याभोवती गुंडाळून खिशात ठेवला. मिसाकोला समजवायचं मात्र राहूनच गेलं.

नंदिनीने एकदा त्याला विचारलं होतं, “तू जाणार आहेस का नक्की? नसशील तर त्यांना तसं सांग. ते रोज जिन्यात मला विचारतात, सात्या-सानने मोजे घेतले का म्हणून.”

“सांगतो गं.”

बुधवारी त्याच्या ऑफिसात ठरलं की शनिवारी सगळ्यांनी कामावर यायचं. त्याने कुदोला कळवून टाकलं, जमत नाही. होशी-सानांना सांगायला मात्र तो बुधवारी आला नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही. पुढे त्यानेच कबूल केलं की त्याला वाटलं होतं, ते विसरून जातील.

गुरुवारी दुपारी कुदोचा फोन आला. तो त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचा. “सेन्सेई, सात्या-सानचं रद्द झालं म्हणे. पुढच्या वर्षी या.”

“अस्सं का,” होशी-सान म्हणाले. फोन ठेवला. मग खिडकीशी जाऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, संपलं.

शनिवारी चार वाजता ते उठले. आवाज न करता भात लावला, ओनिगिरीचे चार गोळे वळले. जुना शिकारीचा कोट चढवला. मिसाको झोपली होती. ते दार हळूच ओढून बाहेर पडले.

सव्वापाच वाजले. सहा वाजले. ते गेटजवळच्या खांबाला टेकून उभे होते. सात वाजता क्लासला जाणारी मुलं आली, आठला बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका. होशी-सान प्रत्येक चेहरा बघत होते. नऊच्या सुमाराला पाय थकले तेव्हा खाली जमिनीवरच बसले. दहाला त्यांनी खिशात हात घातला, मला काढलं, ओठांना लावलं आणि फुंकलं.

चाळीस वर्षांत मी डोंगरात किती वेळा वाजले असेन. कोणी ना कोणी उत्तर द्यायचंच. इथे माझी हाक छतापर्यंत चढली आणि मोडली. एकदोन माणसं दचकली, मग घड्याळ बघून पुढे गेली. होशी-सानांनी पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदाही. स्टेशनातला एक तरुण कर्मचारी धावत आला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला.

“आजोबा, कुणाची वाट बघताय?”

होशी-सानांनी कागद दिला. मागच्या बाजूला सत्यजितचा नंबर होता. त्या मुलाने तो लावला.

सत्यजित ऑफिसातून कसा आला कोण जाणे, पण धापा टाकत आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. होशी-सान तसेच जमिनीवर बसलेले होते.

“उशीर केलास,” होशी-सान म्हणाले. आवाजात राग नव्हता.

“होशी-सान... विमान रद्द झालं. वाऱ्यामुळे.”

होशी-सानांनी त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. गुरुवारचा फोन त्यांना आठवत होता की नव्हता? मी त्यांच्या मुठीत होते, मूठ जराही हलली नाही. ते म्हणाले, “वारा असेल तर नाहीच जायचं. पुढच्या वर्षी जाऊ.” मग पिशवीतून दोन गोळे काढून त्याच्यापुढे धरले. “यात मासा नाही. तुझ्यासाठी वेगळे केलेत, आंबट प्लमचे.”

सत्यजित तिथेच त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला आणि दोन्ही गोळे खाल्ले. 

त्याच हिवाळ्यात होशी-सानांना न्यूमोनिया झाला. सत्यजित दवाखान्यात दोनदा आला. दुसऱ्यांदा तो खरं सांगायचं ठरवून आला होता. खुर्ची ओढून म्हणाला, “होशी-सान, त्या दिवशी...” पण ते झोपेत होते आणि तो उठवू शकला नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले.

अंत्यविधीला कुदो होक्काइदोहून आला. सत्यजितपुढे वाकून म्हणाला, “वाईट वाटलं तुमचं येणं झालं नाही तेव्हा. मी त्या गुरुवारीच फोन करून सेन्सेईंना सांगितलं होतं.”

सत्यजितचा चेहरा उतरला. “त्यांना माहीत होतं?”

“सांगितलं तर होतं मी.”

तो सरळ मिसाकोकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. ठरवलेलं, रद्द केलेलं, वाऱ्याचं खोटं. मिसाको त्याच्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “त्या दिवशी मी त्यांना घरी खूप बोलले. ते एवढंच म्हणाले, सात्या-सान आला. उशिरा आला, पण आला.” सत्यजित भिंतीकडे तोंड करून रडला. थोड्या वेळाने तिने मला त्याच्या हातात ठेवलं.

आज मी सत्यजितच्या घरी, पासपोर्टांच्या खणात आहे. माझं कातडं सुकून आखडलंय. कुदो दर सप्टेंबरात लिहितो, या. सत्यजित खण उघडतो, मला तळहातावर घेतो आणि परत ठेवतो. तेव्हापासून त्याने एकदाही मला फुंकलेलं नाही. परवा त्याच्या लेकीने, अक्षयाने, जपानीत विचारलं, “बाबा, हे काय आहे?” तो म्हणाला, “सांगेन कधीतरी.”

सत्यजित, मला एकदा त्या ओढ्यापलीकडे ने रे. हरीण आलं नाही तरी चालेल. कुणी मला फुंकलंही नाही तरी चालेल. आणि जमणार नसेल, तर तसं स्पष्ट सांग. मी ऐकून घेईन.