बोळीतला बैल

"किशनकाका, तुमी स्वतः कवा ह्या बोळीतनं गेलाव का?"

विचारलं एकदाचं! सुमंगलाचा प्रश्न ओसरीवर जाऊन पडला आणि किशनरावांचा अडकित्ता सुपारीवर उघडाच्या उघडा राहिला. शेजारी बसलेल्या मुंजाजीनं पान चघळायचं थांबवलं. मागं आडाच्या कठड्याआड प्रभावती आणि वर्गातल्या आणखी दोघीजणी एकमेकींच्या दंडाला चिमटे काढत दबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. शाळेतून येताना बोळीच्या तोंडाशी नवंकोरं दार आणि दाराला हे एवढं कुलूप दिसलं, तेव्हा प्रभावती म्हणाली, "कुलूप ठोकनारा बाप्या कवा बोळीत शिरला तरी असंल का गं? हिंमत असंल तर जाऊन विचार. ओटीभर बोरं देते."

मागच्या वर्षीची सुमंगला असती तर घरचा रस्ता धरला असता. पण दिवाळीआधी शाळा तपासायला साहेब आले होते. त्यांनी भूगोलाचा प्रश्न टाकला, सगळा वर्ग माना घालून बसला, आणि सुमंगला उभी राहून गोदावरीच्या उगमापासून समुद्रापर्यंत एका दमात बोलत गेली. साहेब म्हणाले, "शाबास बेटी!" त्या दिवसापासून तिला स्वतःचा आवाज फारच आवडायला लागला होता. जेवताना मीठ मागायचं असलं तरी ती वर्गात उत्तर दिल्यासारखं मागायची.

किशनरावांनी घसा साफ केला. "पोरी, घरी जा. अन् अप्पारावाला सांग, लेकीच्या तोंडून भांडू नको म्हनावं."

हो म्हणाले नाहीत, न्हाई म्हणाले नाहीत. सुमंगलानं ते बरोबर टिपलं. बोरं तर जिंकली, पण घरी जायचं कुठून? तेवढ्यात किशनरावांच्या स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं आणि त्यांच्या बायकोचा, चतुराकाकूंचा, हात बाहेर आला. काकूंनी तिला आत ओढलं, मागच्या दारानं बोळीत सोडलं आणि पुटपुटल्या, "पळ. आईला म्हनावं, ताक न्यायला येत जा म्हनलं असतं, पर ह्या भांडनात आता कशी येशील?"

परभणीच्या त्या पेठेतली ही बोळ म्हणजे दोन घरांच्या भिंतींमधली एक चिंचोळी वाट. अप्पारावांच्या परसदारापासून निघायची, किशनरावांच्या भिंतीला घासत जायची, मधे एक कोपर घ्यायची आणि महादेवाच्या देवळापुढच्या आडावर उतरायची. आडापलीकडं मुलींची शाळा. पेठेतल्या बाया ह्याच वाटेनं पाण्याला जायच्या, देवाला जायच्या, आणि मधल्या कोपराशी घागरी टेकवून दोन्ही घरच्या पुरुषांच्या नकला करायच्या. बाप्या माणूस चुकून तोंडाशी आला तर आतून कुणीतरी बांगड्या वाजवायचं आणि तो मान खाली घालून माघारी फिरायचा. असं कुणी ठरवलं होतं ते माहीत नाही, पण चालत आलं होतं.

भांडण मात्र पुरुषांचंच. अप्पारावांच्या परसातला शेवगा बोळीवरून पलीकडं झुकला होता. अप्पारावांनी फांदी तोडली, ती किशनरावांच्या माळवदावर वाळत घातलेल्या कुरडयांवर आदळली. किशनराव म्हणाले, माझ्या बोळीवरची फांदी मला न विचारता तोडलीच कशी? अप्पाराव म्हणाले, तुमची बोळ? बोळ आमची! कुरडया राहिल्या बाजूला, तहसिलीत अर्ज गेले, आणि किशनरावांनी बोळीच्या आडाकडच्या तोंडाला दार बसवून कुलूप ठोकलं.

त्या रात्री जेवताना अप्पारावांनी निकाल देऊन टाकला. "बोळ उघडंल त्या दिवशी शाळा. तवर घरी बस."

"अण्णा! मोठ्या रस्त्यानं जाते की."

"चावडीवरून? बाजारातल्या बाप्यांच्या नजरंतनं? आपल्या घरच्या बाया कवा त्या रस्त्यानं एकट्या गेल्या न्हाईत."

"पर परीक्षा आलीय, अण्णा."

"मग बोळ उघडायची वाट बघ."

सुमंगला घरी बसली. प्रभावती माळवदाखाली येऊन ओरडून गणितं सांगायची, ही वरून ओरडून उत्तरं द्यायची. पण तेवढ्यानं काय होतंय? चार दिवसांनी पेडगावच्या आत्यानं निरोप धाडला, 'पोरगी घरीच हाय म्हनं, तर एक चांगलं स्थळ हाय, बघायचं का?' निरोप ऐकून आईनं हातातलं पीठ परातीत टाकलं आणि नुसती लेकीकडं बघत राहिली. सुमंगलाला तेव्हा कळलं की कुलूप बोळीला लागलेलं नाही.

मौका पाहायला, म्हणजे जागेवर येऊन चौकशी करायला, तहसिलीतले गिरदावर साहेब येणार असं ठरलं आणि अप्पारावांनी साक्षीदाराची तयारी सुरू केली. अप्पाराव वकिलाकडं कारकून. शेतरस्त्यांचे दावे लिहिण्यात त्यांचा जन्म गेलेला. आणि शेतरस्त्याचा दावा म्हटलं की त्यात बैल आलेच: अमक्याच्या आजोबाचे बैल ह्या वाटेनं जात होते, तमक्याच्या बापाची गाडी ह्या वाटेनं येत होती. तेच त्यांनी आपल्या म्हाताऱ्या गड्याला, सटवाजीला, ओसरीवर बसवून घोकवून घेतलं.

"काय सांगशील सटवाजी?"

"अप्पारावाच्या आजोबाचे बैल रोज ह्याच बोळीतनं आडावर पान्याला जायचे. म्या माज्या डोळ्यानं बघितलंय."

"कसे जायचे?"

"जोडीनं, मालक."

आत चुलीपुढं पार्वतीबाईंनी तोंडात पदर कोंबला. सुमंगला त्यांच्या कानाशी लागली. "आई गं, जोडीनं? त्या कोपरात तू अन् काकू समोरासमोर आलाव की एकीला भिंतीला चिकटावं लागतंय!"

"गप. ऐकतील."

"मग तू सांग ना अण्णाला."

"मला इचारलंय का कुनी?" आई म्हणाली, आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

गिरदावर साहेब आले ते शेरवानी, तुर्की टोपी आणि छत्री घेऊन. म्हातारा माणूस, डोळे बारीक, बोलणं सावकाश. आडाजवळ स्टूल टाकून बसले. निम्मी पेठ गोळा झाली. किशनरावांनी कुलूप काढून दार उघडून ठेवलं, साहेबांना दिसावं म्हणून. सुमंगला आईबरोबर माळवदावर उभी होती. तिथून आड, स्टूल, टोपीचा गोंडा, सगळं दिसत होतं.

सटवाजी धडा बोलला. मग किशनरावांच्या बाजूनं मुंजाजी उभा राहिला. "साहेब, किशनरावाच्या आजोबाचे बैल ह्याच बोळीतनं पान्याला यायचे. जोडीनं."

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. "दोन्ही घरांचे बैल? एकाच वेळी?"

"येगयेगळ्या येळेला, साहेब."

साहेब पुन्हा लिहायला लागले. आता हे कागदावर चढणार, खालून वर तहसिलीत जाणार, आणि बोळ ह्याची का त्याची हे ठरेपर्यंत आपली परीक्षा, शाळा सगळं जाणार आणि पेडगावच्या आत्याचं स्थळ तेवढं येणार! सुमंगलाच्या तोंडातून सुटलंच.

"साहेब! त्यांना विचारा, त्यातलं कुनी स्वतः कवा बोळीतनं गेलंय का!"

सगळ्या माना वर. अप्पारावांचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेबांनी छत्री बाजूला करून वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "सवाल तर वाजवी हाय. सटवाजी, तू गेलास?" सटवाजीनं अप्पारावांकडं बघितलं. "अप्पाराव, तुम्ही?" अप्पारावांनी किशनरावांकडं बघितलं. "किशनराव?" किशनरावांनी आडात बघितलं.

"बैल जात होते आणि मालक जात नव्हते?"

लोक हसले. हसले म्हणून मुंजाजीला चेव आला. त्याचा बैल तिथंच डोणीवर पाणी पीत होता. "जातो म्हंजे जातो! दावतो की आत्ता!" म्हणत त्यानं कासरा धरला, दारातून आत घातला आणि मागून शेपटी पिरगाळली.

बैल गेला. खरंच गेला! कोपरापर्यंत गेला. तिथं वळायला म्हणून त्यानं मान फिरवली, तर एक शिंग ह्या भिंतीला आणि दुसरं त्या भिंतीला. पुढं जाईना, मागं येईना. त्यानं असा काही हंबरडा फोडला की शेवग्यावरचे कावळे उडाले. मुंजाजी मागं अडकलेला, पुढं बैलाचं ढुंगण. "सरक की रं राजा! सरक की रं बाबा!" आणि पेठेतल्या झाडून सगळ्या माळवदांवर बाया पोट धरून बसल्या.

"जोडीनं म्हनं!" कुणीतरी वरून ओरडलं. "दुसरा बी आना की!"

साहेबांनी रुमालानं डोळे पुसले. मग वर बघून म्हणाले, "बेटी, तू खाली ये. तुला ह्या वाटेची माहिती दिसतेय."

खाली यायचं! पण बोळीत बैल. राहिला एकच रस्ता, मोठा. पुढच्या दारातून, बाजारातून, चावडीवरून. सुमंगलानं आईकडं पाहिलं. पार्वतीबाई जिना उतरून गेल्या आणि पुढच्या दाराची कडी त्यांनी स्वतःच्या हातानं काढली. "जा."

सुमंगला निघाली. शिंप्याचं मशीन चाललं होतं, ते चालतच राहिलं. एकजण शेंगा फोडत होता, त्यानं टरफलं टाकण्यापुरती मान वर केली. चावडीपुढं पाचसहाजण बसलेले, त्यांनी पाय आखडून घेतले. त्यातला एक पिकल्या मिशांचा म्हातारा म्हणाला, "अप्पारावाची का गं तू?"

"व्हय."

"दमानं जा बाई, म्होरं गटार हाय."

एवढंच. ज्या रस्त्याची आयुष्यभर भीती घातली, त्या रस्त्यानं तिला काय सांगितलं, तर पुढं गटार आहे. सुमंगलानं परकर उचलून गटार ओलांडलं आणि तिला एकदम मोठ्यानं हसावंसं वाटलं.

साहेबांपुढं ती उभी राहिली ती थेट वर्गात उभी राहायची तशी. "साहेब, ही बायांची वाट हाय. अण्णाला माहीत न्हाई, काकांना माहीत न्हाई. बायांना विचारा."

"बायकांची गवाही?" कुणीतरी कुजबुजलं.

"पडद्याआडून घेता येते," साहेब म्हणाले. "माझ्या घरीसुद्धा अशी एक वाट हाय. मलासुद्धा तिथं जायची इजाजत न्हाई." त्यांनी स्टूल फिरवलं आणि किशनरावांच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं पाठ करून बसले. "सांगा, बाईसाहेब."

दाराआडून आधी बांगड्या वाजल्या. मग चतुराबाईंचा आवाज आला, बारीक पण ठाम. "साहेब, बोळ ह्यांची बी न्हाई अन् त्यांची बी न्हाई. माजी आजेसासू अन् पार्वतीबाईची आजेसासू मैतरनी व्हत्या. घरं बांधताना दोघी गवंड्याच्या डोक्यावर उभ्या ऱ्हायल्या अन् दोन्हीकडची जागा सोडायला लावली. बायांना पान्याला, देवाला जाता यावं म्हनून."

"खरं हाय!" माळवदावरून पार्वतीबाई ओरडल्या. त्यांचा एवढा मोठा आवाज पेठेनं पहिल्यांदाच ऐकला.

"अगं, मग मला कवा सांगितलं न्हाईस!" किशनराव दारावर वसकले.

"तुमी कवा इचारलं?"

साहेबांनी लिहिलेल्या कागदावर आडवी रेघ मारली. "बोळ कुणाच्याच नावावर लावत न्हाई. 'बायांची वाट' असं लिहितो. तहसिलीत मी बघून घेतो. दार काढा. आणि त्या बिचाऱ्या जनावराला सोडवा आधी."

बैलाला सोडवायला किशनराव आणि अप्पाराव दोघांनाही हात लावावा लागला. एकानं शिंग धरलं, एकानं वशिंड. मागं मागं सरकवत आणला तेव्हा दोघांच्याही अंगाला सारख्याच भिंतींचा चुना लागला होता. किशनरावांनी आपल्या उपरण्यानं अप्पारावांची पाठ झटकली. संध्याकाळी चतुराकाकू ताक घेऊन बोळीतून आल्या, आणि कोपराशी आई आणि त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की भाकरी करपली.

करपलेली भाकरी अप्पाराव चावून चावून खात होते. शेवटी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून, ताटाकडंच बघत म्हणाले, "उद्यापासनं जा शाळेला. बोळ उघडली. आत्याला बी कळवतो, स्थळाचं आत्ता न्हाई म्हनून."

पार्वतीबाईंनी लेकीकडं पाहिलं. ही आता उड्या मारणार! पण सुमंगला हात धुऊन आली, दोघांच्या मधोमध उभी राहिली, आणि पुन्हा तिचा तो वर्गातला आवाज लागला.

"अण्णा, आई, म्या ठरवलंय. पान्याला, देवाला जाताना मी बोळीतनंच जाईन, ती आईची अन् काकूची वाट हाय. पर शाळेला उद्यापासनं मी मोठ्या रस्त्यानं जानार. रोज. मला कुनाच्या किल्लीसाठी थांबायचं न्हाई. तिथं मधी एक गटार हाय, ते म्या बघून ठेवलंय."