तासाभराची वाट

मी शवपेटी बोलतेय. दचकू नका, तुमची पाळी अजून आलेली नाही. आली की माझं ऐकायला तुम्ही नसाल, म्हणून आत्ताच बोलून घेते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. वर काच, खाली गार करणारं मशीन. दौंडच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात, लग्नाच्या खुर्च्यांशेजारी माझा मुक्काम. पोरं परदेशी जाऊ लागली आणि मला उसंत राहिली नाही.

त्या सोमवारी मला कवठे येमाईला नेलं. भैरूआबा सकाळीच गेले होते. तरुणपणी मेंढरांमागं हिंडलेला, नंतर झेंडूच्या शेतात राबलेला माणूस माझ्यात एवढासा दिसत होता. त्यांचा मुलगा सार्थक कॅनडात, पार उत्तरेच्या बर्फात, खाणीवर कामाला. फोनवर तो रडत म्हणाला, "आई, हितनं बारक्या विमानानं दुसऱ्या विमानतळावर जावं लागतं, मंग मोठं विमान. बारकं विमान गुरुवारीच हाय. माझ्यासाठी थांबू नगा."

आबांचा पुतण्या रोहिदास घरातला शहाणा. त्यानं बारक्या विमानाच्या दोन्ही विमानतळांची नावं मोबाइलमध्ये घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "चारशे किलोमीटर. उड्डाणाला एक तास. काकी, तासाची तर वाट हाय! त्याला यायचंच न्हाई."

मोबाइलनं दोन ठिपक्यांमधली रेघ मोजली होती. त्या रेघेवर विमान कोणत्या वारी उडतं, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

सार्थकची आई तानुबाई म्हणाल्या, "तासाची वाट हाय, तर येईल माझं लेकरू. थांबा."

प्रेत दारात असेपर्यंत भावकीत चूल पेटत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे ओले होते. दुसऱ्या दिवशी एक सून मागच्या खोलीत पोहे परतत म्हणाली, "गॅस म्हंजी काय चूल न्हाई." बुधवारी वीज गेली ती आलीच नाही, माझं मशीन बंद पडलं. नाकाला पदर लावून तीच माणसं बोलू लागली, "पोरानं बापाचं हाल केलं." मला असा संताप आला! हाल त्यांनीच केले होते, आणि माझ्याकडून करवून घेतले होते. शेवटी लेकीनं, प्रगतीनं, अग्नी दिला.

टेम्पो लग्नाच्या सामानात अडकला, म्हणून मी अंगणातच पडून राहिले. शनिवारी दुपारी सार्थक आला. काखेत जाडजूड कोट. त्यानं माझ्या काचेवर हात ठेवला. आत काहीच नव्हतं.

तानुबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तासाच्या वाटंला सा दिस लागलं व्हय रं?"

त्यानं तिकीट पुढं केलं. "गुरुवारचं हाय, आई. बघ की."

"आण, मी वाचते," प्रगती म्हणाली.

"तू त्याचीच भन. रोहिदास, तू वाच." पोरगं खरं निघावं, एवढंच म्हातारीला हवं होतं.

रोहिदासनं तिकीट पाहिलं. तारीख पाहिली. कान लाल झाले. मग घडी घालून तिकीट परत केलं.

"इंग्रजी हाय, काकी. मला काय लागत न्हाई."

तानुबाईंनी दार लावून घेतलं. सार्थकनं हाका मारल्या, प्रगतीनं कडी वाजवली. दार उघडलं नाही. संध्याकाळी टेम्पो आला, तेव्हा दौंड स्टेशनपर्यंत सार्थक माझ्याच शेजारी बसून आला.

आता मी पुन्हा खुर्च्यांशेजारी आहे. बोलवाल तेव्हा येईन, माझं कामच ते. पण मला बोलवण्याआधी लांबच्या पोराला विचारा, विमान कधी आहे. आणि तो सांगेल ते खरं माना.