जुन्यावर नवं

पान्ह्यावर सगळं अंग टाकलं तेव्हा कुठे ड्रायव्हरच्या सीटचा शेवटचा बोल्ट कुरकुरत सुटला. धाकट्याने सीट उचलून फरशीवर ठेवली आणि गाडीतलं कार्पेट एका कोपऱ्यातून ओढलं. कुबट वास आला. ओल पार पत्र्यापर्यंत गेली होती, मधेमधे गंज धरला होता.

"आधी हे खरवडून, रंग मारून कडक वाळवावं लागेल, वहिनी. ओल्यावर कार्पेट टाकलं तर पुन्हा तेच रडगाणं."

"वाळवा की. मला कुठे पळायचंय?"

वहिनी दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. दादा गेल्यापासून गाडी दारातच उभी होती. आता लेक चालवणार म्हणून त्यांनी ती कुशनच्या कामाला आणली, आणि तीही धाकट्याच्या दुकानात. धाकट्याला बरं वाटलं आणि अवघडल्यासारखंही झालं.

एकेकाळी दोघा भावांचं दुकान एकच होतं. एके दिवशी दादाने गिऱ्हाइकासमोर धाकट्याने शिवलेलं कव्हर वर धरलं आणि म्हणाला, "ही शिवण आहे की गोगलगायीची वाट?" गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. धाकट्याने कात्री आपटली नि तो चालता झाला. आता सख्ख्या भावाशी अबोला धरायला एवढंसं कारण पुरतं का? पुरतं, बाबा. चांगलं दादाच्या मरणापर्यंत पुरलं. दादाने आपल्याला मनातूनही काढून टाकलं होतं का, एवढंच धाकट्याला कळायला हवं होतं. पण आता विचारणार कोणाला?

त्याने सीट उलटी केली, खालच्या तारेच्या कड्या पकडीने सोडवल्या आणि कव्हर मोज्यासारखं सोलून काढलं. काम दादाचंच, टाका बघताच कळत होतं. त्याखाली फोम दिसायला हवा होता. दिसलं ते आणखी एक कव्हर.

धाकट्याचा हात थांबला. जुन्यावर नवं चढवणं म्हणजे दादाच्या लेखी चोरी. जुनं पार काढायचं, फोम उघडा करून तपासायचा, मगच नवं. असली लबाडी करणाऱ्या एका कारागिराला त्याने भर दुपारी हाकलून दिलं होतं. आणि त्याच्याच गाडीत हे? तपकिरी रेक्झीन, कडेने नागमोडी गेलेली शिवण, कोपरे सीटला टाके घालून पक्के केलेले. धाकट्याने आयुष्यात शिवलेलं पहिलंवहिलं कव्हर होतं ते.

"वहिनी, हे काढलंच नाही त्याने?"

वहिनी उठून जवळ आल्या. "मीही तेच म्हटलं होतं. जगाला नियम सांगता आणि स्वतःच्या गाडीला ही चालढकल? तर नुसते हं हं करत राहिले."

"हात चालत नव्हते का त्याचे?"

"चांगले चालत होते. मी म्हटलं, कंटाळा आला असेल तर भाऊजींना बोलावते. तर अंगावरच आले माझ्या. त्याला अजिबात बोलवायचं नाही म्हणाले."

धाकट्याने मान खाली घातली. विचारायचं नव्हतं, तरी तोंडून गेलंच.

"एवढा राग होता?"

"राग कसला डोंबलाचा! म्हणाले, तो आला तर आधी हे उसवेल."

धाकटा सीटशेजारी फरशीवर बसला. रडू आलं ते त्याने लपवलंही नाही. वहिनी पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मग राहू द्यायचं का असंच?" त्यांनी विचारलं.

"छे!" त्याने बाहीने नाक पुसलं. "जुन्यावर नवं चढवलं तर दादा मला दुकानात उभा करायचा नाही."

त्याने उसवायचं ब्लेड बाजूला सारलं, चष्मा लावला आणि कोपऱ्यातला पहिला टाका सुईच्या टोकाने हळूच उचलला.