भिमाजीचं ठिगळ

भागूबाईची बादली गेली ती भर दुपारी, न्हाणीच्या तोंडाशी पालथी घातलेली. शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसते. बादली उचलायला फार अक्कल लागत नाही. पण गेली असं म्हणायची सोय नाही. पुतण्या गोरक्ष देवळाच्या वाटेवर पूजेच्या ताटांचं दुकान चालवतो. त्याला सांगितलं तर तो आधी गिऱ्हाइकांकडे बघून म्हणाला, "काकू, हळू बोल. आपल्या गावात चोरी होत न्हाई."

"मंग काय बादली चालत गेली?"

चालत नव्हती गेली. गोरक्षच्याच माडीवर महिनाभर उतरलेल्या ओंकार नावाच्या पुण्याच्या चित्रकाराने नेली होती. चित्र काढताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. दिवसभर गल्लीबोळांतून हिंडायचा, फुटकी कपबशी, मोडका कंदील पिशवीत घालायचा आणि त्याला 'सापडलेल्या वस्तू' म्हणायचा. उकिरडे फुंकायला एवढं शिकावं लागतं, हे भागूबाईला नव्यानेच कळलं.

बादलीचं तिला काही नव्हतं. जीव होता तो तळाच्या ठिगळात. तिचा नवरा भिमाजी, तीन वर्षांपूर्वी वारलेला, जन्माचा आळशी. खाट मोडली तर खाली झोपायचा, पण हातोडी घ्यायचा नाही. एकदाच काय अंगात आलं कुणास ठाऊक, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून त्याने गळक्या बादलीला ठिगळ मारलं. चार रिबिटा, चारही वाकड्या. चाळीस वर्षांच्या संसारात आपण होऊन तिच्यासाठी केलेलं तेवढंच. ती ते रोज राखेने घासायची.

सोनईच्या मंगल कार्यालयात ओंकारचं प्रदर्शन लागलं. 'स्मृती आणि दुरुस्ती' असा भलामोठा फलक. बादली तिथे आहे असं कळल्यावर गोरक्ष तिला मोटारसायकलवरून घेऊन गेला आणि वाटेत तीनदा बजावलं, "आपली असंल तर आपली म्हन. चोरी म्हनू नको."

आत कपबश्या नि कंदील पांढऱ्या ओट्यांवर देवासारखे मांडलेले. लोक मान वाकडी करून बघत होते, जन्मात कधी कपबशी पाहिली नसल्यासारखे. मधोमध बादली. भागूबाईने ती सरळ उचलून उलटी केली. तळाला चकचकीत सोनेरी लेप होता, आणि ठिगळ नव्हतं.

ओंकार लगबगीने आला. म्हातारीचे डोळे भरलेले बघून खूशच झाला. "जखम लपवायची नाही, आजी. तिचा मान राखायचा. माणसाच्या हाताची आठवण जपायची."

"हितं ठिगळ हुतं."

"हो, गंजका पत्रा होता. फारच ओबडधोबड. काढून टाकला."

"कुठं टाकला?"

"ते आता कसं सांगू? कचऱ्याच्या गाडीत गेला असेल." मग तो जरा चपापला. "बादली तुमची आहे का? मला वाटलं, कुणी टाकून दिलीय."

गोरक्ष श्वास रोखून उभा होता. भागूबाईने बादली होती तशी ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसले.

"न्हाई," ती म्हणाली. "ही आमची न्हाई."

गोरक्षचा जीव भांड्यात पडला. ओंकार तर इतका सुखावला की तिने बादलीशेजारी फोटोला उभं राहावं म्हणून हाका मारत दारापर्यंत आला. तोवर भागूबाई पायऱ्या उतरली होती. नवऱ्याला तिने आज दुसऱ्यांदा पोचवलं होतं, तेही मंगल कार्यालयात.